पाहुण्यांसमोर नको, आधी घरी
ताई, 'काकांना नमस्कार कर' म्हटलं की लेक तुमच्या मागे लपतो, असं तुम्ही लिहिलंत. यात उद्धटपणा अजिबात नाही, चारचौघांत तो बुजतो. माँटेसरी या लहान मुलांच्या शिक्षणपद्धतीत रीतभात शिकवतात ती कुणी चुकलेलं नसताना, खेळासारखी. दोघं बोलत असताना मध्ये कसं विचारायचं, हे बाई आधी करून दाखवतात, मग मुलं आळीपाळीनं करतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात, पुढे जवळच्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. तिथंही हातपाय धुणं, केस विंचरणं हा शिक्षणाचाच भाग होता. बोधकथा जरूर सांगा, तात्पर्य मात्र त्यालाच काढू द्या. नमस्काराचा खेळ आजोबांबरोबर घरीच सुरू करा आणि पाहुण्यांपुढे काही दिवस त्याला काही सांगूच नका.