तीन महिन्यांचं बाळ, कोल्हापूरचा प्रवास आणि जायफळाचे दोन वेढे जास्त

मागची_सीट

‘बाळाचं पहिलं देवदर्शन’ ही पोस्ट परवापासून सगळीकडे फिरतेय. वाचली नसेल तर थोडक्यात: बाळ तीन महिन्यांचं झालं की पुण्याहून कोल्हापूरला अंबाबाईला न्यावं, तसंच वर जोतिबाला. गाडीत आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही. निघण्याआधी बाळगुटीत जायफळाचे दोन वेढे, म्हणजे सहाणेवरचे फेरे, जास्त उगाळावेत, म्हणजे लेकरू खंबाटकी घाटाआधी झोपतं ते थेट कराडला उठतं. ऊन असेल तर मधूनमधून चमचाभर पाणी. खाली सगळे हात जोडून ‘किती छान माहिती’. मी तिथे लिहिलेलं उडवलं गेलं, म्हणून इथे.

न्यायला माझी हरकत नाही. पूर्ण दिवसांचं, वजन नीट वाढणारं बाळ सव्वादोनशे किलोमीटर जाऊ शकतं. चौदाव्या आठवड्याची लस नुकतीच टोचली असेल तर दोन दिवस थांबा, ताप आला तर घरी येऊ दे. माझं भांडण मांडीशी आहे.

हिशेब शाळेतलाच आहे. ताशी ५० म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या साधारण वीसपट. सहा किलोचं बाळ त्या क्षणी १२० किलोच्या जोराने पुढे जातं. सिमेंटच्या दोन गोण्या आणि वर थोडं, एवढं ओझं कुठली आई दोन हातांत धरणार? हायवेला तर कोणी ५० ने जातच नाही. स्वतःच्याच पट्ट्यात बाळालाही घेणं याहून वाईट, कारण मग आईचं वजन त्याच्यावर येतं.

बाळाची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पुढे एअरबॅग चालू असेल तर तिथे अशी सीट कधीही नको. बॅग फुटते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून येणाऱ्या खाचेतून. आवळल्यावर खांद्याजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत आली तर अजून ढिला आहे. दुपटं, स्वेटर पट्ट्याच्या आत नाही, वरून. सीट बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवा; अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा काढून बसवा. आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये. एवढ्या लहान बाळाची मान पुढे पडली की श्वासनलिका दबते, आवाजही होत नाही. म्हणून सीट साधारण ४५ अंशात रेललेली हवी आणि शेजारी मोठं माणूस जागं हवं.

पाण्याबद्दल एकच ओळ: सहा महिन्यांच्या आत पाणी नाही, एप्रिलातही नाही. दूध वाढवा.

सांगलीची_हळद

पोस्ट माझी आहे. सार काढताना माझं वाक्य तेवढं सोयीचं मोडून घेतलंत. ‘शक्य असेल तर सीट घ्या’ असं मी खालच्या उत्तरांत लिहिलंय.

आता तुम्ही सांगा, ती सात-आठ हजारांची सीट कोणाला परवडते? वर्षभरात बाळ त्यातून वाढतं. त्यात निम्मे लोक भाड्याच्या गाडीने जातात. आणि बाळ त्यात रडतं हो! उलटं तोंड, आई दिसत नाही, आवळलेले पट्टे. साताऱ्यापर्यंत रडून लाल झालेलं लेकरू बघवत नसेल तर आई काढणारच मांडीवर. चारचौघांच्या घरात काय होतं ते लिहिलं, प्रयोगशाळेतलं नाही.

घाटवळण

हळदताई, रडण्याचं कारण बहुतेक वेळा सीट नसतेच, वेळ चुकलेली असते. पाजून लगेच गाडीत घातलं तर घाटात ओकणार. निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पाजा, ढेकर काढा, लंगोट बदला, मग सीट. निघायची वेळ बाळाच्या सकाळच्या झोपेला जुळवा, मुहूर्ताला नाही. पहिला थांबा खंबाटकी उतरल्यावर सुरूर-भुईंजच्या आसपास, दुसरा कराडच्या आधी, तिसरा पेठ नाका. दर दीड-दोन तासांनी बाळ सीटमधून बाहेर, पाठीवर आडवं, हातपाय मोकळे. चालत्या गाडीत पाजायचं नाही, गाडी थांबवूनच.

वरचं दूध असेल तर थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर वेगवेगळी न्या. आधी पाणी, मग पावडर. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा लिहिलेलं असतं, तेवढंच. ‘प्रवासात घट्ट करून दिलं की भूक लागत नाही’ असं करणारे आहेत, त्याने पोट बिघडतं. तयार बाटली दोन तासांच्या वर ठेवू नका. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच चार तास टिकतं. पार्क केलेल्या गाडीत ते तापमान मार्चमध्येच कुठल्या कुठे जातं. बर्फाच्या पॅकची पिशवी घ्या.

वेढा_आणि_सहाण

सीटचं तुम्ही बघा. पण दर वेळी गुटीला चोर ठरवून धागा चालतो, ते थांबवा. जायफळाचे दोन वेढे जास्त हा सल्ला चुकीचा, मान्य. पण तो गुटीचा दोष नाही, उगाळणाऱ्याचा. गुटी नीट करायची पद्धत आहे. सहाण आणि मुळ्या उकळत्या पाण्याने धुवायच्या, आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात उगाळायचं. हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, ज्येष्ठमध, सुंठ यांचा एक-एक वेढा. बदाम, खारीक दोन-तीन. वेखंड आणि जायफळ अर्धा वेढा, नुसतं टेकवल्यासारखं. ढाळ असतील तर मुरडशेंग वाढते, मळ घट्ट असेल तर हिरडा. झाल्यावर मुळ्या पुसून उन्हात खणखणीत वाळवायच्या, ओल्या डब्यात कोंबायच्या नाहीत. हे सगळं येणारी बाई आता घरात नाही, म्हणून पाकिटातली तयार गुटी आणून लोक परंपरेला शिव्या घालतात.

वॉर्ड_नंबर_चार

‘नुसतं टेकवल्यासारखं’ हे माप आहे? किती मिलिग्रॅम? नवं जायफळ तेलकट असतं, एका वेढ्यात भरपूर उतरतं. जुनं कोरडं झालं की तीन वेढे घेऊनही पाणी रंगत नाही. सहाण खरखरीत असेल तर आणखी वेगळं. सासूचा वेढा आणि सुनेचा वेढा एकच नाही, मनगटाचा जोर वेगळा. जायफळातल्या मिरिस्टिसिन या द्रव्याने बाळ गुंगतं, म्हणजे गाढ झोप लागली असं वाटतं. प्रत्यक्षात नाडी वाढलेली, तोंड कोरडं, दूध ओढायचा जोर गेलेला. त्यात तेच बाळ सीटमध्ये मान टाकून बसलंय. ‘मागची सीट’ यांनी श्वासनलिकेचं लिहिलं ते इथे जोडून वाचा.

वेखंडाचं तर बोलायलाच नको. अमेरिकेत १९६८ पासून खाण्यात घालायला बंदी आहे, त्यातल्या बीटा-असॅरोन या घातक द्रव्यामुळे. आणि तुम्ही सोयीने मध सोडलात. निम्म्या घरांत गुटी मधात चाटवतात. वर्षाच्या आत मध म्हणजे बोट्युलिझमच्या, स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या, बीजाणूंना उघडं दार. उकळूनही ते मरत नाहीत.

बाळाला गुंगवून प्रवास आणि कामं उरकण्याची परंपराच म्हणत असाल तर ती आहे खरी. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायकांची बाळं अफूच्या बाळागोळीवर झोपवली जायची. तेव्हाही लोक म्हणायचे, किती शांत बाळ.

वेढा_आणि_सहाण

अफू आणि हळकुंड एका वाक्यात! शाबास. मी मध कुठेच लिहिला नाही, तो तुम्ही माझ्या तोंडात घातलात. आणि अमेरिकेत काय बंदी आहे ते बघून आम्ही सहाण विसर्जित करायची का? पोटफुगीवर दवाखान्यातून लिहून देता त्या थेंबांत शेपेचं तेल असलं की ते शास्त्र, आम्ही बाळंतशेपा म्हटलं की अंधश्रद्धा.

वॉर्ड_नंबर_चार

थेंबांच्या बाटलीवर किती मिलिलिटरमध्ये किती आहे ते छापलेलं असतं, आणि ड्रॉपरवर रेघ असते. फरक तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. तसं ते थेंबही सरसकट द्यायचं काही कारण नाही, हे तुमच्या समाधानासाठी.

कोमट_पाणी

गुटीचा विषय चाललाच आहे तर धुरीचाही घ्या. बंद खोलीत निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, शेपा टाकून बाळाला त्या धुरावर धरायचं आणि दोन दिवसांनी छाती घरघरते म्हणून वाफारा द्यायचा. केस वाळवायचे तर पंचा आहे. न्हाणं घालताना बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून बघा, कोमट लागलं पाहिजे, बोटांवर भरवसा नको. नाकात-कानात तेल नाही, डाळीच्या पिठाने रगडून लव काढणं नाही, काजळ नाही कारण त्यात शिसं सापडतं. टाळूवर तेल लावा खुशाल, थापू नका. मालीश करणाऱ्या मावशी बाळाला पायाला धरून उलटं करतात, ते आधी बंद करा.

सांगलीची_हळद

झालं! आता मालीशवालीही गेली. राहिलं काय मग, बाळाला काचेत ठेवायचं? विषय कोल्हापूरचा होता.

एकेरी_तिकीट

कोल्हापूरचंच विचारतो. गाडीच नाही अशांनी काय करायचं? सीट, थर्मास, बर्फाचे पॅक, सगळं चारचाकीवाल्यांसाठी. आमच्याकडे बाइक आहे.

घाटवळण

बाइक नाही. बाळाला बाइकवर नेण्याचे नियम २०२२ साली आले. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत हेल्मेट, वेग ४० च्या आत. तीन महिन्यांच्या बाळाची मानच धरलेली नसते, त्याला हेल्मेट घालणार कुठे? गावातल्या गावात रिक्षा बरी.

लांबचं म्हणाल तर रेल्वे सर्वांत चांगली. पाच वर्षांखाली तिकीट नाही, बाळ पाय पसरून झोपतं, पाजायला थांबावं लागत नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची, कोयना दिवसाची. मिरजेवरून फिरून जाते म्हणून वेळ जास्त लागतो, पण त्या वेळेत बाळ आडवं असतं. खालचा बर्थ घ्या, बाळ भिंतीच्या बाजूला पाठीवर, बाहेरच्या बाजूला आई. बर्थ आणि भिंतीमधल्या फटीत दुपटं कोंबू नका, ते तोंडावर येतं. एसीचा झोत अंगावर येत असेल तर टोपी, पण झोपेत तोंडावर पदर नाही.

मागची_सीट

रेल्वे शंभर टक्के. आणि जोतिबाबद्दल कोणी बोललंच नाही. डोंगरावर गुलाल उधळतात, रविवारी आणि चैत्र यात्रेला तर पायरी न् पायरी गुलाबी असते. बारीक पूड आहे ती, हवेत तरंगते. मोठ्यांना शिंका येतात, तीन महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिकेची रुंदी काही मिलिमीटर. रुमाल टाकून ती अडत नाही, वर रुमालाने श्वास कोंडतो. बाळाला खाली गावात कोणापाशी तरी ठेवा, किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर. अंबाबाईला रांगेत दोन-तीन तास उभं राहण्यापेक्षा मुखदर्शन घ्या. बाळ छातीशी बांधायचं असेल तर बेडकासारखे पाय पसरलेले, गुडघे ढुंगणापेक्षा वर, हनुवटी आणि छातीत दोन बोटं जागा.

वेढा_आणि_सहाण

जोतिबाच्या गुलालाला पण नावं ठेवा. आता काय उरलं?

मागची_सीट

नावं नाही ठेवली. सकाळी लवकर जा म्हटलं. वाचता येतं ना?

सांगलीची_हळद

पुरे. जायफळाची ओळ मी पोस्टमधून काढली आहे, पाण्याचीही. वॉर्डवाल्या बाईंच्या टोमण्यांमुळे नाही, मान टाकण्याचं वाचून. गुटी राहणार, ज्यांना द्यायची ते देणार. मांडीचं वाक्यही बदलते, पण एक अडचण कोणी सोडवलेली नाही. भाड्याच्या गाडीत मागचे पट्टे कव्हरखाली शिवलेले असतात, आणि सीट घेऊन गेलं तर बसत नाही. मग तुमचा सगळा हिशेब सेकंदाला १४ मीटर हवेत.

घाटवळण

हा पहिला कामाचा प्रश्न. गाडी ठरवताना मागच्या बाकाचे फोटो मागवा, तिन्ही बकलं दिसली पाहिजेत. आदल्या दिवशी ड्रायव्हरला फोन करून कव्हर काढायला सांगा. सकाळी दारात सांगितलं तर तो काढत नाही. मधली जागा टाळा, तिथे बऱ्याच गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो, त्यावर बाळाची सीट बसत नाही. डाव्या खिडकीची जागा घ्या, बाळ काढताना तुम्ही रस्त्यावर नसता.

भाड्याच्या गाडीला जड सीट नको. हँडल असलेली लहान बाळाची, १३ किलोपर्यंतची घ्या, ती साध्या तीन-टोकी पट्ट्याने बसते. पट्टा ज्या मार्गाने न्यायचा तो सीटवर निळ्या खुणेने दाखवलेला असतो. हँडल प्रवासात कोणत्या स्थितीत हवं ते सीटच्या पुस्तिकेत असतं, प्रत्येकीचं वेगळं. काही गाड्यांत पट्टा आखूड पडतो, सीटला वळसा घालून बकलापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एक-दोन दिवस आधी त्याच गाडीत पाच मिनिटं लावून बघा. आखूड असेल तर गाडी बदला. पट्टा वाढवायला जोडपट्टी विकतात ती घेऊ नका. जुनी सीट उसनी आणत असाल तर बुडाशी प्लॅस्टिकवर कोरलेली बनवल्याची तारीख बघा, आणि ती कुठल्या अपघातात होती का ते विचारा. सुरक्षा चाचणीत पास झाल्याचं नारिंगी स्टिकर नसेल तर परत करा.

वॉर्ड_नंबर_चार

आणि सीट हॉटेलच्या खोलीत पाळणा म्हणून वापरू नका. पोचलात की बाळ बाहेर, सपाट गादीवर, पाठीवर.

वेढा_आणि_सहाण

सपाट गादीवर, पाठीवर. हे आमच्या आजीला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

वॉर्ड_नंबर_चार

मोहरीच्या उशीत डोकं रुतवून झोपवायची तीच ना?