मदत हवी आहे: खिडकीतून फोटो काढताना आभाळ पांढरं पडतंय

ठाणेकर मंडळी, जरा सांगा. दिवाळीत जयपूरला चाललोय. हवामहलच्या ९५३ खिडक्यांचा फोटो सगळेच रस्त्यावरून काढतात. मला आतून, जाळीतून दिसणारा बाजार हवाय. सराव म्हणून रविवारी घोडबंदर रोडने वसईच्या किल्ल्यात गेलो. पडक्या चर्चच्या खिडकीतून फोटो काढले, तर आभाळ पांढरंफटक! आभाळावर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) लावलं की दगडी चौकट काळीठिक्कर, फटीत उगवलेलं पिंपळाचं रोपटंही गायब. (बायकोच्या मोबाइलवर मात्र झकास आलं.) वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो जोडावेत, की चौकट काळीच राहू द्यावी? ट्रायपॉड नेणार नाही. आणि जाळी धूसर हवी असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं लहान-मोठं होणारं छिद्र) किती ठेवता? तलावपाळीला भेटून कुणी दाखवलं, तर चहा माझ्याकडून.