तळ्याच्या सांडव्याला माशांसाठी जाळी लावावी का?

गुंजवणीकाठी:
वेल्ह्याकडे आमचं छोटं कृषी पर्यटन आहे. ओढ्यावर आजोबांच्या वेळचा मातीचा बांध आहे, मधोमध साधारण सहा मीटर उंच. तळ्यात पेडलच्या दोन होड्या, एका कोपऱ्यात मुलांना डुंबायला जागा. मागच्या साली रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती. पावसाळ्यात सांडवा वाहू लागला आणि निम्मीशिम्मी खाली गेली. भावाचं म्हणणं, सांडव्याला बारीक जाळी ठोकू आणि वाळूच्या पोत्यांचे दोन थर रचू. मासे राहतील आणि मे अखेरपर्यंत होड्याही चालतील. मला धाकधूक वाटते. बांधाच्या खालच्या अंगाला पायथ्याशी एक जागा ऐन उन्हाळ्यातही ओली असते, तिथे लव्हाळा माजलाय. बांधावर करंज आणि बाभळी चांगल्या वाढल्यात. खाली आमचेच तंबू आहेत आणि त्यापुढे वस्ती. पावसाआधी काय काय करून घ्यावं?

खेकडा_फ्राय:
ओल म्हणजे खेकडेच! तिवरे धरण फुटलं तेव्हा ते खेकड्यांनी पोखरलं, असा शोध मंत्र्यांनी लावलाच आहे. पकडा आणि पाहुण्यांना रस्सा वाढा.

निवृत्त_ओव्हरसियर:
रस्सा राहू द्या. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची ओरड गावकरी आधीपासून करत होते.

आता जाळीचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. मूळचं कालव्यासाठी बांधलेलं, पुढे श्रीमंतांच्या एका क्लबने मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतलं. कार्नेगी, फ्रिक असले बडे लोक सभासद. तुमच्या भावाला सुचलं तेच त्यांनाही सुचलं होतं: महागडे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या. बग्ग्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा छाटून रुंद केला. तळाचे पाणी सोडायचे नळ क्लबच्या आधीच्या मालकाने भंगारात विकले होते, ते यांनी पुन्हा बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला तुफान पाऊस झाला, काटक्या-ओंडके जाळ्यांत अडकले, सांडवा तुंबला, पाणी बांधावरून वाहिलं आणि बांध गेला. खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसं मेली. कोर्टात क्लबकडून कोणाला एक पैसा मिळाला नाही. तुमचं तळं त्याच्यापुढे डबकं आहे, पण पाला जाळीत तसाच अडकतो. आपल्या ओढ्यांना पहिल्या पुरात काय काय वाहून येतं ते तुम्हाला सांगायला नको.

पोती तर त्याहून वाईट. सांडव्यावरून पाणी किती जातं हे खोलीच्या १.५ व्या घातावर ठरतं. एक मीटर खोल वाहायला जागा असेल आणि पोत्यांनी तीस सेंटिमीटर खाल्ले, तर क्षमता तीस नव्हे, एकेचाळीस टक्के घटते. दगडी धरणावरून थोडं पाणी गेलं तर निभावतं. मातीच्या बांधावरून गेलं की बाहेरचा उतार खरवडत खरवडत माथ्यापर्यंत येतो.

ओलीबद्दल: पाणी स्वच्छ आहे की गढूळ? काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघा. स्वच्छ आणि तेवढंच झिरपत असेल तर नोंद ठेवत राहा. गढूळ झालं किंवा अचानक वाढलं, तर आतून माती निघतेय. त्याच दिवशी तंबू रिकामे करा, वस्तीला सांगा आणि तहसीलला फोन लावा. त्या जागी सिमेंट किंवा चिकणमाती अजिबात थापू नका. पाणी कोंडलं की दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, असे थर देऊन पाणी निघू द्यायचं आणि माती धरून ठेवायची.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरवरच्या धरणांना लागतो, दहा ते पंधरात काही अटींवर. तुमचा बांध त्यात बसत नाही. म्हणजे तपासणी आपली आपणच करायची.

गुंजवणीकाठी:
धन्यवाद काका. पाणी स्वच्छ आहे, आत्ताच बघून आलो. झाडं या आठवड्यात तोडून टाकू का?

निवृत्त_ओव्हरसियर:
घाई नको. झुडपं आणि मनगटाएवढी रोपं खुशाल काढा. मोठ्या झाडाचा नुसता बुंधा कापलात तर मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयते बोगदे मिळतात. मुळासकट काढायचं, खड्डा ओल्या मुरमाड मातीने पातळ थरांत ठोकून भरायचा. हे काम पाणी खाली असताना आणि एखाद्या माहीतगार इंजिनिअरला उभं करूनच. पाणी उतरवायचं तर हळूहळू. झपाट्याने उतरवलं की आतल्या बाजूचा भिजलेला उतार घसरतो. बांधावर हरळी लावा, तिच्यासारखं आच्छादन नाही.

आणखी एक. बांधाच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून बघा. जुन्या बांधांचं पोट मधोमध खचलेलं असतं आणि पूर नेमका तिथूनच चढतो.

मावळमासा:
माशांचं मी सांगतो, आमचं शेततळं आहे. बोटुकली सांडवा वाहायचा थांबल्यावर सोडायची, तीही बोटापेक्षा मोठी. आधी सोडायचीच असतील तर तळ्यातच, सांडव्यापासून लांब, जाळीचा पिंजरा करून त्यात वाढवा. मेपर्यंत मोठे झालेले विकून मोकळं व्हायचं.

गुंजवणीकाठी:
भावाला सगळं वाचून दाखवलं. पोती रद्द. पिंजऱ्याला किती खर्च येतो ते आधी सांगा म्हणतोय.

मावळमासा:
बांबू तुमच्याकडचेच वापरा, जाळी वजनावर मिळते. मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. होड्यांसाठीही सांडव्याच्या अलीकडे पाण्यावर फ्लोटची दोरी आडवी बांधा, म्हणजे पूर आल्यावर कोणी तिकडे जाणार नाही.