मदत हवी आहे: कुत्र्याच्या रबरी खेळण्यात नेमकं काय भरू? मुंग्यांनी जीव नको केलाय

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यावर राहते. शेती आहे, कापूस आणि तूर. प्रश्न कुत्र्याचा आहे, हसू नका.

लेक पुण्याला नोकरीला. तिनं हौसेनं लॅब्राडोर घेतला, पुढे घरमालकानं कटकट केली आणि ऑस्कर आमच्याकडे आला. सासूबाई त्याला 'आसकऱ्या' म्हणतात आणि तो त्यालाच ओ देतो. तीन वर्षांचा आहे, वजन अठ्ठावीस किलो.

सध्या वेचणी चालू आहे. सकाळी आठला मी, हे आणि सालदार वावरात जातो ते पाचच्या पुढे परत. घरी फक्त सासूबाई, त्यांना ऐकू कमी येतं. ऑस्कर पडवीत साखळीला. आम्ही फाटकाबाहेर पडलो की त्याचं सुरू होतं. गेल्या महिन्यात पडवीत ठिबकच्या नळ्यांचं बंडल ठेवलेलं होतं. संध्याकाळी येऊन पाहिलं तर वीत-वीतभर लांबीचे तुकडे, अगदी कोणी कैचीनं मोजून कापावेत तसे. तेव्हापासून ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

लेकीनं कुरिअरनं एक लाल रबरी खेळणं पाठवलं. तीन गोळे एकावर एक ठेवल्यासारखा आकार, आतून पोकळ, एका टोकाला मोठं भोक आणि दुसऱ्याला बारीक. त्यात खाणं भरायचं, कुत्रं चाटत-चावत बसतं आणि त्याचा वेळ जातो, म्हणे.

पहिल्या दिवशी बिस्किटं भरली. मी चप्पल घालेपर्यंत संपली. मग भाकरी दुधात कुस्करून अंगठ्यानं ठासून भरली. त्यानं पाच मिनिटं खटपट केली आणि सोडून दिली. संध्याकाळी पाहते तर खेळणं लाल आहे की काळं ते कळेना, इतक्या मुंग्या. लेक म्हणाली बर्फाच्या खणात ठेवून दे. ठेवलं. रात्री लाईन गेली ती पहाटे आली, सगळं पाणी-पाणी. आणि परवा तर कहर झाला. खेळणं घरंगळत साखळीच्या पलीकडे गेलं, चार बोटं फक्त. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दुपारभर त्याच्याकडे पाहून रडून राहिला होता.

तर असं काय भरू की जे टिकेल, गोठवावं लागणार नाही आणि मुंग्या येणार नाहीत? घरातलंच सांगा. यवतमाळहून अजून एक स्वस्तातलं आणलंय, हिरवं, त्याला एकाच बाजूनं भोक आहे. ते चालेल ना?

---

कोथरूडची_मनी

काकू, माझ्याकडे बीगल आहे, त्यामुळे तुमचं दुःख कळतं. मी ग्रीक योगर्ट, ब्लूबेरी आणि ओट्स एकत्र करून रात्रभर फ्रीज करते. पाऊण तास शांतता.

एक मात्र करा. खेळणं फक्त निघतानाच देऊ नका. तुम्ही घरी असताना, स्वयंपाक करताना वगैरे आधी आठवडाभर द्या. नाहीतर 'लाल वस्तू आली म्हणजे हे लोक चालले' एवढंच तो शिकतो आणि तोंडसुद्धा लावत नाही. माझ्या बयेनं हेच केलं होतं.

---

पऱ्हाटी

घरी असताना द्यायचं डोक्यातच आलं नाही. उद्यापासून करते.

ब्लूबेरी आर्णीच्या बाजारात मी तरी पाहिली नाही. बोरं चालतील का? 😄

---

बुश_बेअरिंग

काकू, नमस्कार, दारव्ह्याहून. माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम आहे म्हणून सांगतो, हे खेळणं मुळात गाडीच्या पार्टावरूनच निघालं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोला जो मार्कहॅम नावाचा माणूस होता, १९७०च्या दशकातली गोष्ट. त्याचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात घासून घ्यायचा. हा फोक्सवॅगनची व्हॅन दुरुस्त करत बसला होता, सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा काढून बाजूला टाकला, तर कुत्र्यानं दगड सोडून तोच धरला. त्यावरून हे खेळणं निघालं, कॉंग नावाचं.

मी हे वाचल्यावर आमच्या शेरूला गाडीचा जुना बुश, म्हणजे तसलाच रबरी तुकडा, दिला होता. दोन दिवसांत त्याचे लचके काढले. पुन्हा ऑइल-ग्रीस मुरलेलं असतं ते वेगळंच. तेव्हा तसलं काही देऊ नका. लाल रंगाचं साधं असतं, जबड्याचा फार जोर असेल तर काळं येतं, ते जास्त कडक. ठिबकची नळी फोडणाऱ्याला मी काळंच दिलं असतं.

---

निंबोळी

आमच्या इकडे तं सोपं काम हाय बाप्पा. सरकीच्या ढेपीचा तुकडा कोंबून द्या त्यात. कडक राहते, दिवसभर चघळते, अन् मुंग्या बी कमी लागते. गुरं खाते तं कुत्र्याले काय होते!

---

गोठा_डॉक्टर

आधी निंबोळी भाऊंना, मग ताईंना.

भाऊ, ढेप नको. अजिबात नको. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या गुराच्या पोटात रवंथाचा जो कप्पा असतो तिथे ते प्रथिनांना बांधलं जातं आणि बरंचसं निष्प्रभ होतं. कुत्र्याला तो कप्पाच नाही. रोज थोडं-थोडं पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो, आणि कुत्रं धापा टाकायला लागेपर्यंत घरच्यांना पत्ता नसतो. गोठ्यात ढेपीचं पोतं उघडं असेल तर तेही झाकून ठेवा.

ताई, ते हिरवं खेळणं आजच बाजूला काढा. एकच भोक असलेल्या पोकळ वस्तूत जीभ घालून कुत्रं चोखायला लागलं की आतली हवा ओढली जाते, बाहेरून आत यायला वाट नसते, आणि जीभ अडकते. मग सुजते, आणि सुजली की अजून घट्ट बसते. लाल खेळण्याचं ते बारीक भोक शोभेचं नाही, हवेसाठी आहे. म्हणून भरतानाही ते भोक कायमचं बुजेल असं काही ठासू नका.

आता भरायचं कसं. तुमचं दोन्ही टोकांना चुकलं. बिस्किटं सुटी होती म्हणून घरंगळली, आणि भाकरी अंगठ्यानं ठासली म्हणून त्याच्या जिभेला काहीच लागेना. पहिला आठवडा मुद्दाम सोपं द्या. लोटलं की चार दाणे पडले पाहिजेत. मग थोडं घट्ट, मग अजून. बारीक भोकाकडे वासाची वस्तू, मध्ये मऊ आणि चिकट, मोठ्या तोंडाशी भाकरीचा एखादा तुकडा बुचासारखा. वास खालून येत राहतो म्हणून तो सोडत नाही.

घरातलं काय चालतं: फोडणी द्यायच्या आधीचं तुरीचं वरण, भात, ज्वारीची भाकरी, उकडलेलं कोहळं, गाजर, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं दही. शेंगदाणे भाजून मिक्सरमधून काढलेले चालतात, पण एक चमचा, कारण तेल फार असतं. दाणे मात्र खाण्याच्या डब्यातले घ्या. कोपऱ्यात ठेवलेले, ओल लागलेले, बुरशीचे घेऊ नका. त्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला माणसापेक्षा लवकर भोवतं. मक्याचंही तेच.

कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट नको. म्हणजे फोडणीची भाजी आपोआप बाद झाली. विकतचं पीनट बटर आणलं तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विषारी) नाही ना, डब्यावर बघा. बोरांची आठळी अडकते, ती काढणार असाल तर द्या, पण एवढा उद्योग कोण करणार.

आणि जे भराल ते त्याच्या रोजच्या खाण्यातून वजा करा. लॅब्राडोर जातच भुकेली. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला होता, साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये भुकेशी जोडलेल्या एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. तो मागतो म्हणून देत गेलात तर पोळ्यापर्यंत त्याचा बैल होईल.

शेवटचं, जरा स्पष्ट बोलतो. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला खेळणं हा उपाय पुरा पडत नाही. पडवीला अर्धं दार करता येतं का पहा. आणि वावरात निघण्याआधी अर्धा तास त्याला फिरवून आणा. खेळणं निघण्याच्या वेळचा पहिला अर्धा तास सांभाळतं, आणि बहुतेक कुत्री त्याच अर्ध्या तासात उच्छाद मांडतात. नऊ तास ते सांभाळू शकत नाही.

---

झुणका

डॉक्टरसाहेबांनी सगळं सांगितलं, पण लाईनचं काय ते राहिलं. वहिनी, ज्वारीच्या कण्या शिजवा की! बिनमिठाच्या. कोमट असतानाच चमच्यानं भरा, बारीक भोकाला तेवढ्यापुरती कणकेची गोळी लावा. पेल्यात उभं करून रात्रभर ठेवा. थंड झाल्या की कण्या अशा बसतात की वडी पाडावी. फ्रीजची गरज नाही. सकाळी गोळी काढून टाका. आमच्याकडे थंडीत चालतं, उन्हाळ्यात मात्र रात्रीतून आंबतील, तेव्हा पहाटे शिजवा.

घरंगळण्याला घमेलं. खेळणं घमेल्यात ठेवून द्या. दोरी ओवून खुंटीला बांधायचा विचार करत असाल तर नको, माझ्या भावाच्या कुत्र्यानं दोरी गिळली होती आणि ऑपरेशन करावं लागलं.

---

कोथरूडची_मनी

कण्या म्हणजे दलिया का? आणि कोहळं म्हणजे पेठ्याचं पांढरं?

---

झुणका

दलिया गव्हाचा, कण्या ज्वारीच्या. आणि आमचं कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. पुण्याहून विदर्भात येताना भाजीपासूनच सुरुवात करावी लागते. 😄

---

पऱ्हाटी

सगळ्यांना धन्यवाद. बारा दिवसांनी लिहिते आहे, मध्ये वेचणीला माणसं मिळाली म्हणून सगळं घर वावरातच होतं.

हिरवं खेळणं फेकलं. लगेच फेकलं, डॉक्टर, तुमचा निरोप वाचला त्याच रात्री.

पहिले पाच दिवस घरी असताना दिलं. सोपं. भाकरीचे तुकडे, वर दाण्याचा कूट. त्यानं तिसऱ्या दिवशी शोध लावला की खेळणं तोंडात धरून उंचावरून फरशीवर आपटलं की माल पडतो. आता पडवीत सकाळी धप्-धप् चालू असतं. सासूबाईंनाही ऐकू येतं म्हणजे बघा!

मग कण्या. ही युक्ती खरंच सोन्यासारखी आहे. रात्री आमच्यासाठी शिजवते त्यातल्याच मीठ टाकायच्या आधी चार चमचे काढते, त्यात कोहळ्याचा गर. सकाळी घमेल्यात ठेवून निघतो. जीभ आत घालून, डोळे अर्धे मिटून, पुढचे दोन पाय खेळण्याभोवती असे धरतो जसं काही कोणी हिसकावणार आहे. चाळीस मिनिटं जातात, मी एक दिवस उशिरा निघून घड्याळ लावून पाहिलं. नंतर तिथेच आडवा होतो.

ह्यांनी जुन्या खाटेची चौकट आणि जाळी लावून पडवीला अर्धं दार केलं. कुत्र्यासाठी नाही म्हणे, शेळ्या आत येतात म्हणून. आमच्याकडे शेळ्या नाहीत. साखळी आता रात्रीपुरती.

पण मुंग्या! कण्या दिल्या तरी मुंग्या. बाहेरून ओल्या फडक्यानं पुसून दिलं, घमेलं पाण्याच्या परातीत ठेवलं, तरी दुपारपर्यंत रांग. मला समजेना. शेवटी परवा अंग दुखत होतं म्हणून घरी राहिले आणि दाराआडून पाहिलं. खेळणं रिकामं झालं, तो तोंड पाडून बसला. सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या, इकडे-तिकडे पाहिलं, आणि लुगड्याच्या ओच्यातून गुळाचा खडा काढून भोकात सारला. बोटानं आत ढकलला. "खाय बाप्पा, संपलं तुयं, काहून रुसतं?"

मी विचारलं तर म्हणाल्या, रोजच देते, तुम्ही त्याले पीठ चाटाले देता अन् निघून जाता. मी काही बोलले नाही. गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, आणि त्यांना फुटाण्यांची पुडी दिलीय, बिनमिठाची. आता दहाच्या सुमारास त्या स्वतः खेळणं उचलून बादलीत टाकतात, आणि त्याला चार-चार फुटाणे अंगणात फेकून हुडकायला लावतात. दोन दिवस झाले, मुंग्या नाहीत.

डॉक्टर, अठ्ठावीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला किती फुटाणे चालतील? त्या मोजून देणाऱ्यांतल्या नाहीत.

---

गोठा_डॉक्टर

आजींच्या मुठीनं एक मूठ, दिवसभरात मिळून. पोटात गॅस धरला किंवा पातळ व्हायला लागलं तर अर्धी. आणि तेवढी संध्याकाळची भाकरी कमी करा. सकाळी पुडीऐवजी वाटीत काढून ठेवा, वाटी संपली की संपलं.

गूळ बंद झाला ते बरं झालं, वजनासाठी म्हणून. महिन्यानं तोलून पहा, कापूस मोजायच्या काट्यावर बसवला तरी चालेल.

---

बुश_बेअरिंग

काट्यावर तो बसेल, उतरेल का ते बघा.