न विकलेले कपडे-बूट कंपन्यांनी दान करावेत, आणि सक्तीनेच

तळेगावकरीण:
बर्बरी या महागड्या ब्रिटिश फॅशन ब्रँडने २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा नवाकोरा माल नष्ट केला, का तर ब्रँड स्वस्तात बाजारात येऊ नये. बोंबाबोंब झाली तेव्हा सप्टेंबर २०१८ मध्ये थांबवतो म्हणाले. फ्रान्सने २०२० मध्ये कायदाच केला, कपड्यांना २०२२ पासून लागू, माल उरला तर दान करा, पुन्हा वापरा नाहीतर रिसायकल करा. युरोपियन युनियनमध्येही मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून कपडे-बूट नष्ट करायला बंदी. आपल्याकडे अशी बंदी नाही. गोडाऊनमध्ये डेड स्टॉक पडून आणि आश्रमशाळेतली पोरं अनवाणी, मला नाही पटत. सक्ती करा.

खतावणी:
ताई तळमळ कळते पण हिशोब बघा, मी गारमेंटवाल्यांचीच अकाउंट्स बघतो. जीएसटीच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे माल फुकट दिला की इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट, जातं, नष्ट केला तरी जातं. म्हणजे सरकारच्या लेखी जाळणं आणि देणं एकच. लॉटमध्ये मातीमोल भावाने विकला तर क्रेडिट तरी राहतं. आयकरात दानावर मिळते ती सूट वस्तूंच्या दानाला नाही, सीएसआरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्चायच्या २ टक्क्यांत उरलेल्या शर्टांची किंमत धरता येत नाही. मग कोण देईल?

फडावरचा_पोरगा:
सीएसआरचा नियम आहे तोच बरा, नाहीतर एमआरपी लावून वाटेल ते खपवलं असतं. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. एका कंपनीने फडावर येऊन बूट वाटले, पातळ सोलचे, लग्नात घालायचे, नंबर एकतर ५ नाहीतर ११, कारण मधले नंबर दुकानात संपतात आणि सेट तुटला की उरलंसुरलं आम्हाला. तोडलेल्या उसाचे बुडखे तळव्यात घुसतात तिथे असला बूट काय कामाचा? फोटो मात्र सगळ्यांचे काढले. माझ्या आईला कोणी विचारलंच नाही तिला काय पाहिजे.

समुद्रकाठ:
+१. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दानातल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते, शेवटी गूंज या संस्थेने ते उचलून निवडले. घानात अक्राच्या कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांतले कपडे गठ्ठ्यांनी येतात, न खपलेले गटारात आणि समुद्रात जातात. टॉम्स या अमेरिकन बूट कंपनीने तर २००६ पासून एका जोडामागे एक जोड फुकट वाटला, एल साल्वाडोरमध्ये अभ्यास झाला तर मुलांच्या तब्येतीत, शाळेच्या हजेरीत फारसा फरक नाही, उलट आमच्या घरच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात असं म्हणणारी मुलं वाढली. २०१९ मध्ये टॉम्सनेच ती पद्धत सोडली.

तळेगावकरीण:
त्याच अभ्यासात बहुतेक मुलांनी बूट आवडीने घातले होते, तेही सांगा की. आणि त्सुनामीतला ढीग मुख्यतः लोकांनी घरातून काढून दिलेल्या जुन्याचा, त्यात काय आहे कोणालाच माहीत नव्हतं. कंपनीकडे प्रत्येक नगाचा बारकोड असतो, साइज, रंग, किती शिल्लक सगळं कॉम्प्युटरवर. ती यादी आधी पाठवा, शाळेला निवडू द्या. दादा तुमच्या आईंना कोणी विचारलं नाही हे चूकच, पण म्हणून माल जाळू द्यायचा का?

खतावणी:
यादीचं पटलं. पण निवडणं, पॅकिंग, गडचिरोलीपर्यंतचं गाडीभाडं कोणी भरायचं? मालापेक्षा भाडं जास्त व्हायचं.

तळेगावकरीण:
कंपनीने. माल जास्त काढायचा निर्णय तिचाच होता ना. आणि दान केल्याची नोंदणीकृत संस्थेची पोच असेल तर जीएसटीचं क्रेडिट काढून घेऊ नका, एवढा बदल सरकारने करावा.

खतावणी:
पोचपावत्या विकत मिळतात हो.

फडावरचा_पोरगा:
सक्ती आणायचीच असेल तर नाही म्हणायचा हक्कही कायद्यात लिहा. शाळेने नको म्हटलेला माल कंपनीने स्वतःच्या भाड्याने परत न्यायचा. हे नसेल तर माझा विरोध.