रोज एक चांगलं काम करायचा नेम धरला, पण त्यातली मजाच जाते. असं का होतं?

प्रश्न: कुतूहल_जागं

मंडळी, एक अगदी व्यवहारी प्रश्न आहे. "दुसऱ्यासाठी काहीतरी करा, आनंद मिळेल" हे उठताबसता कानावर पडतं. रोज एक छोटी मदत असा नेम धरला की सुरुवातीला बरं वाटतं. पुढे मात्र ते दात घासण्यासारखं होऊन बसतं. केलं, खूण केली, संपलं. शिवाय कधीकधी मदत घेणाराच अवघडून जातो आणि आपण उगाच मध्ये पडलो असं वाटत राहतं.

म्हणून विचारतोय. या आनंदाला खरंच काही आधार आहे का, की नुसती बोलायची पद्धत? नेम धरायचाच तर तो कसा आखावा? आणि समोरच्याला, विशेषतः अनोळखी माणसाला, न अवघडवता मदत कशी करायची? सुविचार आणि फुलांचे फोटो कृपया नकोत. नेमकं काय करायचं ते सांगा.

---

प्रतिसाद: आकडेमोड

आधार आहे, पण गाजावाजा होतो तेवढा मोठा नाही. ऑलिव्हर करी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली अशा २७ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. मदत करणाऱ्याचा आनंद वाढतो, पण तो परिणाम 'लहान ते मध्यम' या गटात बसतो. म्हणजे खरा आहे, फक्त आयुष्य पालटून टाकणारा नाही. एवढी अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

सर्वांत गाजलेला प्रयोग २००८ चा, 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी लोकांना सकाळी एक पाकीट दिलं. आत ५ किंवा २० डॉलर. अट अशी की संध्याकाळी पाचच्या आत ते संपवायचे, काहींनी स्वतःवर आणि काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी विचारलं तर दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश निघाले. ५ होते की २०, याने फरक पडला नाही. गंमत पुढे आहे. वेगळ्या लोकांना आधीच अंदाज करायला सांगितला, तेव्हा बहुतेकांनी स्वतःवर खर्च करणारेच सुखी असतील असं ठोकून दिलं.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. 'रोज एक' हा आराखडाच गोची करतो. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने लोकांना सहा आठवडे, दर आठवड्याला पाच चांगली कामं करायला सांगितली. एका गटाने पाचही एकाच दिवशी केली, दुसऱ्याने आठवडाभर पसरवली. आनंद वाढला तो एकाच दिवशी करणाऱ्यांचा. कारण सरळ आहे. आपण तसेही दिवसभरात कुणासाठी दार धरतो, कुणाला जागा देतो. त्यात आणखी एक मिसळलं तर ते स्वतःलाही जाणवत नाही. याच गटाने पुढे तेच तेच करणारे आणि आलटून पालटून करणारे यांचीही तुलना केली. एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

तेव्हा माझा सल्ला असा:

आठवड्यातला एक वार पक्का करा. आदल्या रात्री पाच कामं लिहा, पण नुसतं 'कुणाला तरी मदत' असं नको. कोण, काय, कधी, हे तिन्ही हवं. 'सकाळी अमुक सहकाऱ्याचा अडलेला तक्ता तपासून देणे' हे काम झालं, 'सहकाऱ्यांशी छान वागणे' ही नुसती इच्छा. पाचांपैकी दोन तरी अशी असू द्या की त्यांचा परिणाम तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल. पैसे पाठवून टाकले आणि पुढे काय झालं ते कळलंच नाही, तर आनंद लवकर विरतो. एखादं काम अनोळखी माणसासाठी, एखादं घरच्यांसाठी ठेवा (घरच्यांना आपण हमखास विसरतो). पुढच्या आठवड्यात निदान तीन कामं बदला.

एवढंही जमत नसेल तर नुसती मोजदाद करा. जपानमध्ये केइको ओताके यांच्या गटाने २००६ मध्ये लोकांना आठवडाभर फक्त आपण केलेली चांगली कामं मोजायला सांगितली. तेवढ्यानेही आनंद वाढलेला दिसला.

---

प्रतिसाद: आडवाट

वरचा प्रतिसाद चोख. मी तिसऱ्या प्रश्नाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. अनोळखी माणूस मदतीने अवघडतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण विचारायच्या आधीच हात लावलेला असतो.

दृष्टिहीन व्यक्तीला रस्ता ओलांडायला मदत करण्याचं उदाहरण घ्या. बहुतेक जण दंड धरून ढकलतात किंवा काठी धरून ओढतात. दोन्ही धोक्याचं आहे. काठी म्हणजे त्या माणसाचा रस्ता वाचायचा हात. ती धरली की तो पुरता आंधळा होतो. बरोबर क्रम असा:

आधी बोला. "नमस्कार, मी तुमच्या उजव्या बाजूला उभी आहे. रस्ता ओलांडायला सोबत हवी आहे का?" नको म्हणाले तर विषय संपला, आग्रह नाही. हो म्हणाले तर आपल्या हाताची पाठ त्यांच्या हाताला हलकेच लावा, म्हणजे आपला हात कुठे आहे ते त्यांना कळतं. मग *ते* तुमचा हात कोपराच्या जरा वर धरतील. तुम्ही त्यांना धरायचं नाही. चालताना तुम्ही अर्धं पाऊल पुढे. तुमचं शरीर वर-खाली झालं की त्यांना हातातूनच समजतं. पायरी आली की थांबा आणि चढ की उतार ते सांगा. "पायरी आहे" एवढं अर्धवट सांगितलं की नेमका तिथेच पाय चुकतो. अरुंद जागी आपला हात पाठीमागे न्या, ते आपोआप तुमच्या मागे येतात. खुर्चीवर बसायचं असेल तर दाबून बसवू नका. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्या, पुढचं ते बघतात.

आणि निघताना "मी निघते" असं म्हणा. हे नव्वद टक्के लोक विसरतात, आणि तो माणूस हवेशी बोलत राहतो. मोकळ्या जागेत सोडू नका. भिंत, कठडा, काहीतरी हाताला लागेल अशा ठिकाणी सोडा. "तिकडे", "इथे", "त्या बाजूला" हे शब्द या संभाषणात निरुपयोगी. "तुमच्या डावीकडे दोन पावलांवर" असं सांगा.

चाकाच्या खुर्चीचंही तसंच. न विचारता ढकलायची नाही. उचलायची वेळ आली तर हात टेकायचे दांडे किंवा पाय ठेवायच्या पट्ट्या धरू नका. बऱ्याच खुर्च्यांना त्या निघणाऱ्या असतात, वजन आलं की हातात येतात. कुठे धरायचं ते बसलेल्या माणसालाच विचारा, त्याला पक्कं ठाऊक असतं. तीव्र उतार किंवा उंच कडा उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे मोठी चाकं आधी, घ्यायची. सरळ उतरवली की पुढची छोटी चाकं अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो. थांबलात की दोन्ही ब्रेक लावायला विसरू नका.

बोलताना अडखळणाऱ्याचं वाक्य पुरं करून द्यायचा मोह आवरा. कमी ऐकू येणाऱ्यासमोर ओरडू नका, तोंड त्यांच्याकडे करून उजेडात उभे राहा.

---

प्रतिसाद: चौथा_कोपरा

ओळखीच्या माणसांबद्दल थोडं. घरात आजारपण किंवा मृत्यू झाला की सगळे एकच वाक्य बोलतात, "काही लागलं तर सांग हं." मनापासूनच बोलतात, पण या वाक्याने काम वाढतं. काय लागेल ते त्या माणसाने शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, वर संकोच गिळून फोन करायचा. कुणीही करत नाही.

त्याऐवजी ठरलेलं काम, ठरलेली वेळ आणि सहज नकार देता येईल अशी फट ठेवा. "गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते सात मी मुलांना घेऊन बाहेर जाऊ शकतो. चालेल की दुसरा दिवस बरा?" किंवा "मी उद्या तुमच्या बाजूला येतोय, औषधांची चिठ्ठी फोटो काढून पाठवा, आणून दारात ठेवतो, बेल वाजवणार नाही." शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. थकलेल्या घराला पाहुणा नको असतो.

दुसरं म्हणजे वेळ. पहिले चार-आठ दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरी पोकळी त्यानंतर येते. फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाच्या तारखेला आठवण लावून ठेवा. तेव्हाचा एक साधा निरोप, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन लिहिलेला, फार मोलाचा असतो. खाली "उत्तर द्यायची घाई नाही" असं लिहा.

---

प्रतिसाद: विरजण

सगळे छान छान बोलताहेत, म्हणून जरा आंबट बोलतो.

एक. मदत दिसली की कधीकधी त्रास वाढतो. निआल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास आहे. वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे आणि त्यांचे जोडीदार, दोघांनी रोज स्वतंत्र नोंदी ठेवल्या. जोडीदाराने मदत केली आणि परीक्षार्थीच्या ती लक्षातही आली नाही, तेव्हा फायदा जास्त दिसला. मदत जाणवली की "मला जमत नाहीये असं याला वाटतं" हेही जाणवतं. म्हणून तणावात असलेल्या माणसासाठी गुपचूप काम उरका. भांडी घासून ठेवा, पण घासली हे सांगत फिरू नका.

दोन. भाग पाडून केलेल्या मदतीतून आनंद निघत नाही. नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी २०१० मध्ये दाखवलं की मदत स्वेच्छेने केली तर करणाऱ्याला बरं वाटतं, आणि घेणाऱ्यालाही. दबावाखाली केली की दोघांचाही फायदा आटतो. "नाही म्हणता येत नाही म्हणून केलं" अशा कामांना तुमच्या यादीत जागा नको. ती वेगळी लिहा, आणि त्यातली निम्मी कशी टाळता येतील ते बघा. घरात आजाऱ्याची रात्रंदिवस देखभाल करणाऱ्या माणसाला तर "आणखी पाच चांगली कामं कर" असं सांगणं हा अन्याय आहे. त्याला सुट्टी द्या.

तीन. उपकाराचं ओझं. मदत जितकी मोठी तितकी परतफेडीची चिंता मोठी. दहा मिनिटांत होणारं काम लोक हसून घेतात. अख्खा दिवस खर्च केलात तर समोरचा तुमचा ऋणी होतो आणि पुढे तुम्हाला टाळू लागतो. लहानच ठेवा.

---

कुतूहल_जागं

विरजण, आंबट असलं तरी पटलं. दोन उपप्रश्न. घाईत असताना हे सगळं सुचतच नाही, त्यावर काही उपाय? आणि आभार मानणं हे चांगल्या कामात धरायचं का? लिहायला बसलं की कृत्रिम वाटतं.

---

प्रतिसाद: आकडेमोड

घाईबद्दल तुम्ही नेमकं बोललात. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. त्यांतल्या काहींना जाऊन परोपकाराच्या कथेवरच बोलायचं होतं! म्हणजे प्रश्न स्वभावाचा कमी, वेळेचा जास्त. उपाय कंटाळवाणा आहे: ठरवलेल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं आधी निघा. बाकी कुठल्याही निश्चयापेक्षा याने जास्त फरक पडतो.

आभाराचं पत्र जरूर धरा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या अभ्यासात लिहिणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडे चुकला. वाचणारा अवघडेल असं वाटलं होतं तेवढा अवघडला नाही, आणि वाटलं होतं त्याहून जास्त सुखावला. लिहिणारा शब्दांची चिंता करतो, वाचणारा त्यातला जिव्हाळा बघतो.

कृत्रिम वाटतं ते विशेषणांमुळे. "तुम्ही खूप ग्रेट आहात" काढून टाका. तीनच गोष्टी लिहा: त्यांनी नेमकं काय केलं, त्यामुळे तुमचं काय बदललं, आज ते कशावरून आठवलं. आठ-दहा ओळी पुरे. "तुम्ही त्या दिवशी माझा अर्ज परत वाचून तारीख चुकल्याचं दाखवलंत, नाहीतर माझं वर्ष गेलं असतं" या एका वाक्यात सगळं येतं. आणि त्याच पत्रात कुठलंही काम सांगू नका. शेवटी "जाता जाता एक विनंती" आली की आधीचं सगळं लाच वाटायला लागतं.

---

प्रतिसाद: चौथा_कोपरा

आडवाट, एक शंका. दृष्टिहीन व्यक्तीसोबत मार्गदर्शक कुत्रा असेल तर?

---

प्रतिसाद: आडवाट

बोलायचं माणसाशी, कुत्र्याशी नाही. हाक मारायची नाही, थोपटायचं नाही, खायला द्यायचं नाही. तो कामावर असतो, आणि त्याचं लक्ष हटलं की माणूस धडपडतो. त्याच्या पट्ट्याला किंवा मुठीला हात लावू नका. कुत्रा सहसा डाव्या बाजूला चालतो, म्हणून तुम्ही उजवीकडून जा आणि तिथूनच विचारा. सोबत हवी असेल तर कुत्र्याला काय सांगायचं ते मालक स्वतः ठरवतात.