मदत हवी आहे: डेव्हिड कॉक्स यांचं व्यक्तिचित्र – हाताने काढलेलं की छापील?

बर्मिंगहॅमच्या एका लिलावात घेतलेलं चित्र आहे. करड्या कागदावर काळ्या-तांबड्या खडूत वृद्ध गृहस्थाचं डोकं आणि खांदे, कपाळावर पांढरा उजाळा, तो एका जागी काळवंडलाय. कडेने तपकिरी पट्टा, गालावर तांबूस ठिपके. मागे शाईत 'डेव्हिड कॉक्स' (इंग्रज निसर्गचित्रकार) हे नाव, सन नाही. मूळ रेखाटन आहे का? कॉक्सच आहेत का? डाग काढावेत का?

कागदवेडा: दहापट भिंगाखाली तिरक्या उजेडात बघा. खडूची पूड कागदाच्या उंचवट्यांवर बसते, खळगे कोरे राहतात. लिथोग्राफही (दगडावर काढून छापलेलं चित्र) तसाच दिसतो आणि तिथेच फसगत होते, पण त्यातला रवा दगडाचा असतो, कागदाच्या पोताशी जुळत नाही. सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई.

काळवंडलेला भाग महत्त्वाचा आहे. पांढरा खडू असा काळा पडत नाही, चायनीज व्हाइट हा जस्ताचा पांढरा रंगही नाही. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने काळा पडतो. म्हणजे तिथे बहुधा ब्रशने रंग लावलाय.

उत्तररंग: मागचं नाव हा सर्वांत कच्चा पुरावा, ते नंतर कुणीही लिहू शकतं. कॉक्स १७८३ साली बर्मिंगहॅमच्या डेरिटेंड भागात जन्मले, १८४१ पासून जवळच्या हार्बोर्नला राहिले, १८५९ मध्ये वारले. चित्रकार वॉटसन गॉर्डन (१८५५) आणि बॉक्सॉल (१८५६) यांनी केलेल्या त्यांच्या तैलचित्रांशी कान, नाकाचा शेंडा, केसांची रेघ ताडून बघा. मान आणि उजेडाची दिशाही तंतोतंत जुळली, तर चित्र समोर बसवून काढलेलं नसून नक्कल असण्याची शक्यता जास्त. कागद जाडाभरडा म्हणून हुरळू नका. कॉक्स स्कॉटिश वेष्टनाच्या कागदावर निसर्गचित्रं करायचे हे खरं, पण हा कागद व्यक्तिचित्र काढणाऱ्याने निवडलेला आहे. जलचिन्हात (कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणारी कारखान्याची खूण) साल असेल तर चित्र त्याआधीचं नाही, एवढंच कळतं.

कागदवेडा: तपकिरी पट्टा लाकडी लगद्याच्या आम्लयुक्त माउंटने (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने) पडतो. माउंट आधी बदला: आम्लरहित सुती बोर्ड, काचेपासून निदान ३ मिमी अंतर, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवलेल्या. सेलोटेप अजिबात नको. काचेऐवजी साधं ॲक्रिलिकही नको, त्याच्या स्थिर विजेने खडू ओढला जातो. उजेड मंद, ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप) ठेवा. ठिपक्यांना खोडरबर, ब्लीच काही लावू नका. ते आणि काळवंडलेला भाग कागद-संवर्धकाकडेच द्या.

प्रश्नकर्ता: भिंगातून पूड उंचवट्यांवरच दिसतेय. जलचिन्ह बघायला मागचा पुठ्ठा सोडवू का?

कागदवेडा: पुठ्ठा चिकटवलेला असेल तर नाही. ओढताना कागद फाटतो आणि सैल खडू झडतो. नुसत्या खिळ्यांवर असेल तर फ्रेम पालथी न घालता, चित्र वर ठेवूनच खोला.